मांजराच्या पिसवा आणि त्यांवरचे औषध

(मंडळाच्या वर्धापनदिनी दुपारच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलावयाचे म्हणजे विषय भारदस्त असावा, अशी आपली एक समजूत आहे. स्त्रीशिक्षण झाले, बालसंगोपन झाले, बचतीचे महत्त्व तर दोनदा झाले. मी आज मांजराच्या पिसवांवर बोलणार आहे. कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय वाचून पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला, तो मला इथून दिसला. हसण्याला माझी हरकत नाही. पण आमचे यजमान पुष्कळ वर्षे गुरांच्या दवाखान्यात नोकरीस होते. ते निवृत्त झाले तरी माणसे जनावराचे दुखणे घेऊन आधी आमच्या ओटीवर येतात, आणि त्या ओटीवर मी जे पाहिले त्यात हसण्यासारखे फार थोडे आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आपल्या मंडळाचीच एक भगिनी. तिचे नाव सांगत नाही. तिची परवानगी घेऊनच बोलते आहे. तिच्या घरी एक तिरंगी मांजरी होती, मोठी गुणाची. दुधाच्या पातेल्याला तिने कधी तोंड लावले नाही, आणि कणगीजवळ उंदीर म्हणून फिरकू दिला नाही. त्या पावसात तिच्या अंगावर पिसवा इतक्या झाल्या की घरातल्या पोरांच्या पोटऱ्यांवर लाल गांध्या उठल्या. बैलांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध फळीवर होते. बैलाला जसे पाण्यात कालवून पुसतात, तसे तिने थोडेसे कालवून फडक्याने मांजरीला पुसले. थोडेसेच, कारण मांजर लहान. तेवढा हिशेब तिने केला होता. दुपारभर मांजरी ठीक होती. दिवेलागणीला तिचे कान आणि मिशा थरथरू लागल्या, तोंडातून लाळ गळू लागली. रात्री गोणपाटात गुंडाळून तिला आमच्याकडे आणली, तेव्हा सारे अंग झटके देत होते. आम्ही कोमट पाण्याने साबण लावून तिला धुतली, कोरडी केली, उबेत ठेवली. झटके थांबवावयास डॉक्टरांनी द्यावयाचे इंजेक्शन लागते. डॉक्टर त्या दिवशी लांबच्या पाड्यावर गेलेले, आणि वर तो आपल्याकडचा पाऊस. पहाट होण्याच्या आत मांजरी गेली. पुढे दिवाळीपर्यंत त्या घरातल्या बियाण्याच्या दोन गोण्या उंदरांनी फोडल्या, हेही सांगून टाकते.

त्या रात्री त्या भगिनीने डोळे पुसत मला विचारले, “पण वहिनी, औषध तर जनावराचेच होते ना?”

आजचे माझे भाषण म्हणजे तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर होय.

औषध जनावराचे होते, पण मांजराचे नव्हते. मांजर म्हणजे लहानसा बैल नव्हे, आणि लहानसा कुत्राही नव्हे. अंगात शिरलेल्या पुष्कळशा परक्या द्रव्यांना आपले यकृत ग्लुक्युरॉनिक आम्ल नावाच्या पदार्थाची जोड देते, आणि मग ती द्रव्ये शरीराबाहेर टाकली जातात. माणसात हे होते, गाईत होते, कुत्र्यात होते. मांजराच्या यकृतात मात्र ही जोडणी करणारी यंत्रणा फार दुबळी आहे. मांजराची जात पिढ्यान् पिढ्या निव्वळ मांसावर जगली. झाडपाल्यातली विषे पचवण्याची तिला गरजच पडली नाही, म्हणून ती यंत्रणा मागे पडली असावी, असे शास्त्रज्ञ सांगतात. कारण काही असो, परिणाम हा की जे औषध कुत्र्याच्या अंगातून लवकर निघून जाते ते मांजराच्या अंगात साचून राहते. याच कारणामुळे आपण तापावर घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. माया म्हणून कुणी ती देत असेल तर आजपासून बंद करावे.

दुसरी गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. मांजर दिवसातला मोठा वेळ स्वतःला चाटून स्वच्छ करण्यात घालवते. त्याच्या अंगावर जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार, हे धरूनच चालावे. बैल काही आपली सारी पाठ चाटून काढीत नाही.

आता आपल्या घरांतल्या फळीवर काय काय असते ते पाहू. गोचीड आणि माश्यांसाठी मिळणाऱ्या बाटल्यांवर डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन अशी नावे आढळतात. शेवंतीच्या जातीच्या एका फुलात पायरेथ्रम नावाचे कीटकांना मारणारे द्रव्य असते, त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली ही औषधे. नावाच्या शेवटी ‘थ्रिन’ येते, ही खूण ध्यानात ठेवण्यास सोपी. प्रमाणात वापरली तर बैलाला ती चांगली, माणसालाही त्यांचा त्रास थोडाच; म्हणून तर मच्छरदाण्यांना ती लावतात. मांजराला मात्र घातक. त्यांतही परमेथ्रिन सर्वांत वाईट. कुत्र्याच्या मानेवर टाकावयाच्या काही औषधांत ते शेकडा ४५ ते ६५ इतके असते. शहरातल्या माणसाने कुत्र्यासाठी आणलेल्या अशा नळीतले उरलेले थेंब मांजरावर टाकावेत आणि मांजर दगावावे, असे प्रकार जगभर घडतात. असे औषध नुकतेच लावलेल्या कुत्र्याला बिलगून निजलेले मांजरही आजारी पडू शकते. ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांनी हे विसरू नये.

अमित्राझ हे गोचिडांचे आणि खरजेचे आणखी एक औषध. तेही मांजराला नको. शेतातली क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन ही तर मज्जातंतूंवरच घाला घालणारी विषे. ती मांजराला नकोत आणि उघड्या हाताने आपणही हाताळू नयेत. आपल्यांतल्या वयस्क बायकांना गॅमेक्झिनची पांढरी पूड आठवत असेल. पूर्वी ढेकणापिसवांवर सर्रास वापरीत. ती बी.एच.सी. सरकारने १९९७ साली बंद केली. कुणाच्या माळ्यावर जुना डबा पडला असेल तर तो ‘असू दे, कामास येईल’ म्हणून ठेवू नये.

वाचता येत नाही त्या बाईने काय करावे, असा प्रश्न मला मागे एका पाड्यावर विचारला गेला. प्रश्न अगदी योग्य होता, कारण बाटलीवरचा मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असतो आणि शिकलेल्यांनाही तो धड लागत नाही. त्यावर एक खूण आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर, पुडीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो, पतंगासारखा. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी. असा पतंग दिसला की ते शेताचे किंवा घरातल्या किड्यांचे विष. तो हिरवा असला तरी मांजराच्या अंगाला लावावयाचे नाही. पतंग नाही म्हणून ते मांजराला चालेल, असा उलटा अर्थ मात्र काढू नये. बैलाच्या गोचिडांच्या औषधावर हा पतंग नसतोही. तिथे विचारूनच घ्यावे लागते.

मग लावावे काय?

मांजरासाठी म्हणून बनवलेली जी औषधे आहेत त्यांत फिप्रोनिल हे जुने व खात्रीचे. ते प्लास्टिकच्या इवल्याशा नळीत येते. एका नळीत साधारण अर्धा मिलिलिटर. दुसरे सेलामेक्टिन. ते पिसवांबरोबर कानातले बारीक किडे आणि काही जातींचे जंतही मारते, म्हणून डॉक्टर काही वेळा तेच सुचवतात. तिसरे इमिडाक्लोप्रिड. तिन्ही मानेवर थेंब टाकावयाच्या जातीची. आपल्या बाजारात ती मिळतीलच असे नाही. नाशिकला किंवा पालघरला कुणी जाणार असेल त्याच्याबरोबर मागवावी लागतात. मागवताना नुसते ‘मांजराच्या पिसवांचे औषध आणा’ असा निरोप देऊ नये. डॉक्टरांकडून औषधाचे नाव, ते मांजरासाठी, आणि मांजराचे वजन, असे तिन्ही कागदावर लिहून द्यावे. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याच्याकडे कुत्र्याची गिऱ्हाइके जास्त, आणि डबे एकमेकांसारखे दिसतात.

इथे एक सावधगिरी सांगते, ती भातशेती करणाऱ्यांसाठी. फिप्रोनिल हेच नाव भातावरच्या खोडकिडीच्या दाणेदार औषधावरही असते. नाव एक, म्हणून वस्तू एक, असे नाही. त्यात काय मिसळले आहे, किती प्रमाणात आहे, हे सर्व निराळे. शेतातली पुडी मांजराला लावणे म्हणजे पुन्हा त्या श्रावणातलीच गोष्ट. आणि घरात कुणी ससे पाळले असतील तर त्यांना मांजराचे फिप्रोनिलही लावू नये. सशाला ते बाधते.

वजन का, असे विचाराल. औषधाचे माप वजनावर ठरते आणि वयावरही. फिप्रोनिलची नळी साधारण आठ आठवड्यांवरच्या पिल्लालाच चालते. मांजराचे वजन करणे अवघड नाही. कापडी पिशवीत घालून धान्याच्या ताणकाट्याला क्षणभर टांगावे. मांजर रागावेल, पण आकडा कळेल. अंगणवाडीतला बाळांचा काटा त्यासाठी मागू नये. आमच्या अंगणवाडीताई समोर बसल्या आहेत आणि त्यांनी आत्ताच माझ्याकडे पाहिले.

लावण्याची रीत अशी. मानेच्या मागे, जिथे मांजराची जीभ पोहोचत नाही, तिथले केस बोटांनी दोन्ही बाजूंस सारावे, कातडी दिसली पाहिजे. नळीचे तोंड कातडीला टेकवून सगळे औषध एका जागी सोडावे. केसांवर सोडले तर ते वाया जाते. चोळू नये. त्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस मांजराला न्हाऊ घालू नये. वाळेपर्यंत लहान मुलांना त्याला कुरवाळू देऊ नये, आणि घरात दोन मांजरे असतील तर एकमेकांना चाटू न देण्यासाठी थोडा वेळ निरनिराळी ठेवावी. आपण हात साबणाने धुवावे. महिन्याने पुन्हा. एका घरातल्या सगळ्या मांजरांना एकाच दिवशी लावावे, आणि कुत्रा असेल तर त्याला त्याचे औषध, पण ‘थ्रिन’ नसलेले. एकाला लावले आणि दुसऱ्याला नाही, तर पिसवांची सोय झाली म्हणावयाची.

एवढे पैसे खर्च करून औषध आणावे, आणि आठ दिवसांनी मांजराच्या अंगावर पुन्हा पिसवा उड्या मारताना दिसाव्यात! मग बायका माझ्याकडे येऊन म्हणतात, औषध खोटे निघाले. औषध बहुधा खोटे नसते. मांजरावर दिसतात त्या पिसवा म्हणजे सगळ्या कुटुंबातला विसावा हिस्सा. बाकीचे एकोणीस हिस्से अंडी, अळ्या आणि कोश या रूपाने घरात असतात.

पिसूचे हे घरकूल मला फार विलक्षण वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते. मादी दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडी घालते. अंडी गुळगुळीत असतात, मांजर चालेल-झोपेल तिथे घरंगळून खाली पडतात. त्यांतून बारीक पांढरट अळ्या निघतात. त्यांना उजेड सोसत नाही, म्हणून त्या जमिनीच्या भेगांत, गोधडीच्या शिवणीत, पेंढ्याच्या तळाशी शिरतात. आणि खातात काय? मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचेच वाळलेले रक्त. आईबापांनी वरून वाढावे आणि पोरांनी खाली जेवावे, असा त्यांचा संसार. पुढे अळी रेशमाचा कोश विणते. त्याला धूळमाती चिकटते आणि तो ओळखूही येत नाही. कोशातली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. जमीन हादरली, ऊब लागली, श्वासाचा वारा आला, म्हणजे भक्ष्य जवळ आले असे समजून ती बाहेर उडी घेते. तोवर ती महिनोन्‌महिने तशीच बसून राहू शकते, आणि कोशाच्या आत औषध पोहोचत नाही.

हे कळले तेव्हा मला आपल्याकडचे एक कोडे उलगडले. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईकडे, जातात. पावसाच्या तोंडी परत येऊन दार उघडतात आणि पहिल्याच संध्याकाळी पाय खाजवून रक्तबंबाळ होतात. ‘आम्ही घरातच नव्हतो, तर पिसवा आल्या कुठून?’ घरात माणसे नव्हती, पण मागे राहिलेले मांजर होते. ते त्याच घराच्या आडोशाला राहिले, माळ्यावर व्यायले. कोश जमिनीत वाट पाहत बसले. माणसांची पावले वाजली आणि सगळे एकदम बाहेर आले. यात कुणाची करणी नाही, शेजारणीचा दोष तर मुळीच नाही. अशा घरात शिरण्यापूर्वी एकीने जाऊन दारेखिडक्या उघडाव्या, सगळी जमीन खराट्याने काढावी, केर जाळावा, पेंढा आणि गोणपाट उन्हात टाकावे, आणि मग पोरांना आत न्यावे.

अळीला दमट हवा लागते. कोरड्या उन्हात ती वाळून मरते. आपला पाऊस म्हणजे तिचा सुगीचा हंगाम. म्हणून मे महिन्यातच तयारी केलेली बरी. गोधड्या, वाकळी कडक उन्हात, उलटसुलट करून. सारवणाच्या जमिनीला भेगा पडल्या असतील तर त्या बुजवून मग सारवावे. मांजराला निजावयास एकच जागा ठरवून द्यावी, एखादे जुने लुगडे किंवा पोते, आणि ते दर आठवड्याला उकळत्या पाण्यात टाकावे. मांजर सगळ्या घरभर निजले तर अंडीही घरभर. रोजचा केर कोपऱ्यात साठवू नये, तो जाळावा. असे सतत तीन महिने करावयाचे, आणि दर महिन्याला मांजराला औषध. तीन महिने ऐकून पुष्कळजणी नाक मुरडतात. पण जमिनीतले शेवटचे कोश फुटेपर्यंत, आणि बाहेर येणारी प्रत्येक पिसू औषध लावलेल्या मांजरावर चढून मरेपर्यंत, दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. हिवतापाची फवारणी करणारी माणसे घरी आली तर फवारलेल्या भिंती पुरत्या वाळेपर्यंत मांजराला बाहेर ठेवावे.

घरगुती उपायांविषयी थोडे बोलावे लागेल, आणि माझे बोलणे काहींना रुचणार नाही. घासलेटाचे फडके फिरवणे: कातडी भाजते, आणि चाटताना ते छातीत गेले तर मांजर संपले. फिनेल: त्याला तर मांजर विशेषच हळवे. डांबरगोळी चिंधीत बांधून गळ्यात घालणे, तंबाखूचे पाणी लावणे, कापूर: तिन्ही विषेच. भाकरीत लसूण कुस्करून घालणे: लसूण-कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि पिसवांना त्याचे काही वाटत नाही. कडुनिंबाचे आणि करंजाचे तेल झाडाचे म्हणून निर्धोक, असे आपण धरून चालतो. ते घाण्याचे दाट तेल मांजराने चाटावे असे मला वाटत नाही. वाडवडिलांच्या सगळ्याच गोष्टी टाकाव्या असे मी म्हणत नाही. त्यांची एक वस्तू या कामी सर्वांत उत्तम आहे, ती म्हणजे उवांची फणी. तिच्याकडे मी येतेच.

कारण आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना आपल्या हातचा खरा इलाज फणीचाच. पिल्लाच्या अंगात रक्त ते किती! पन्नास-शंभर पिसवांनी ते ओढले तर पिल्लू पांढरे पडते. हिरडी पाहावी, ती गुलाबी असावयास हवी. ती फिकट, कागदासारखी दिसली तर त्या पिल्लाला जगवणे हे घाईचे काम आहे, दवाखान्यात न्यावेच. एरवी कोमट पाण्यात सौम्य साबणाने त्याला धुवावे, मानेकडून सुरुवात करावी म्हणजे पिसवा डोळ्या-कानांकडे पळत नाहीत. लगेच फडक्याने कोरडे करून उबेत घ्यावे, कारण पिल्लू गारठ्याने लवकर जाते. मग रोज फणी. पाजणाऱ्या आईलाही फणी करावी, आणि तिला कोणते औषध चालेल ते डॉक्टरांना विचारावे.

चुकीचे औषध लागलेच, तर वाट पाहत बसू नये. कान फडफडणे, लाळ, लटपट, थरथर, यांतले काहीही दिसो वा न दिसो, कोमट पाण्याने आणि भांडी घासावयाच्या द्रव साबणाने मांजर धुवावे. गरम पाणी नको, त्याने औषध कातडीत अधिक शिरते. ओकवण्याचा प्रयत्न करू नये, दूध-तूप पाजू नये. कोरडे करून, गुंडाळून, दवाखान्यात न्यावे, आणि ती बाटली बरोबर न्यावी. बाटली पाहिली की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. लक्षणे काही वेळा एक दिवस उशिराही दिसतात, म्हणून ‘काही झाले नाही’ असे दुपारीच ठरवू नये.

या सगळ्या यातायातीपेक्षा मांजरच नको, पोत्यात घालून घाटापलीकडे सोडून येऊ, असेही मी ऐकले आहे. त्यांच्यासाठी एक जुनी हकीकत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि मग तो सगळ्या मुलखात पसरला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवले. पुढे वऱ्हाडात, अमरावतीकडे, अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. ज्या गावांत घरोघर मांजरे भरपूर, तिथे प्लेगचा उपद्रव कमी, असे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९०८ साली त्यांनी विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकात ‘मांजर हे प्लेगचे निवारक’ अशा अर्थाचा लेख लिहिला. आज आपण ते जसेच्या तसे मानू शकत नाही. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसाला झाल्याची उदाहरणे अमेरिकेत पुढे आढळली. पण उंदीर आवरावयास मांजर उपयोगी, एवढे तरी कणगी राखणाऱ्या बाईला कुणी शिकवावयास नको.

त्याच संदर्भात एक गोष्ट गंभीरपणे ऐकावी. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्याच वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावी घरांतून पिसवा बेसुमार झाल्याची तक्रार सुरू झाली, आणि मागोमाग गाठीच्या प्लेगचे रोगी सापडले. मेलेल्या उंदराच्या अंगावरून पिसू उतरते ती दुसरे ऊबदार अंग शोधत. मांजरावरची पिसू ही बहुधा निराळ्या जातीची असते, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु घरात एकाएकी पिसवा वाढल्या आणि त्याच सुमारास आढ्याला, कोपऱ्यात उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्रात कळवावे.

मांजराच्या पिसूचा स्वतःचाही एक उपद्रव आहे. मांजराच्या शेपटीखाली किंवा त्याच्या अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखे काही दिसले, कधी हलतानाही दिसले, तर तो पट्टीसारख्या जंताचा तुकडा. मांजर स्वतःला चाटताना पिसू गिळते आणि जंत तिच्यातून पोटात जातो. रांगत्या मुलाच्या तोंडात अशी पिसू गेली तर त्यालाही तो होऊ शकतो. जंताचे औषध दिले आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर महिन्या-दोन महिन्यांत तांदूळ पुन्हा दिसणार.

आता ती फणी. बारीक दातांची, उवांची, आपल्या सगळ्यांच्या घरी असते. मांजरासाठी मात्र वेगळी ठेवावी हे सांगावयास नको. मांडीवर जाड फडके घ्यावे, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत हळूहळू ओढावी. पिसू निघाली की साबणाच्या पाण्यात बुडवावी, नुसत्या पाण्यातून ती उडी मारते. पिसू दिसली नाही तरी काळी, तिळाच्या चुऱ्यासारखी घाण निघते. ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकून बोटाने दाबावी. माती असेल तर तशीच राहील. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ते मांजराचे रक्त, म्हणजे पिसवा आहेत. औषध आणण्याआधी ही परीक्षा प्रत्येकीने करावी, म्हणजे नुसत्या खाजेसाठी उगाच औषध लावले जाणार नाही. औषध चालू असताना दर आठवड्याला करावी; डाग कमी होत गेले की ते लागू पडले असे समजावे.

मी येताना फणी, साबणाच्या पाण्याची वाटी आणि पांढरे फडके घेऊन आले आहे. शेजारच्या घरातला बोकाही यजमानांनी मोठ्या मिनतवारीने टोपलीखाली धरून ठेवला आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी चहा झाल्यावर मागल्या पडवीत यावे. मुलांना जरा लांब उभे करावे, तो नख काढतो.